अर्जावरची पहिली सही

काचीगुड्याचे स्टेशन म्हणजे आमच्यासारख्या जुन्या मराठी घरांचा हैदराबादेतला उंबरठा. मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड अशी गावे घेत येणारी मीटरगेज १९०० च्या सुमारास सुरू झाली आणि १९१६ साली काचीगुड्याला घुमट-मिनारांची ती देखणी इमारत उभी राहिली. कुणी वकिलीसाठी आले, कुणी कचेरीत कारकुनीला, कुणी विवेकवर्धिनीत शिकवायला. माझे आजोबा एक वळकटी, एक फिरकीचा तांब्या आणि उर्दूचे पहिले पुस्तक घेऊन याच स्टेशनावर उतरले, आणि पुढे स्टेशनापासून हाकेच्या अंतरावरच त्यांनी बिऱ्हाड केले. त्या घरात मी जन्मले, तेथूनच शाळेत शिकवायला जात राहिले, आणि निवृत्त होऊन आता गाड्यांच्या शिट्ट्या ऐकत बसते. गेज बदलले, अजिंठा एक्स्प्रेसचे डबे बदलले. शिटी मात्र अजून वेळ सांगते.

या स्टेशनाबाहेर दिवेलागणीनंतर काही बायका उभ्या राहतात. फुलवालीच्या टोपलीपाशी, रिक्षांच्या रांगेच्या शेवटी, बसथांब्याच्या अर्धवट उजेडात. आपण सगळे त्यांना पाहतो आणि कुणीही पाहिलेले नसते. माझ्या लहानपणी आई तेथून जाताना माझा हात जरा घट्ट धरी आणि पावले उचली. तिने कारण सांगितले नाही, मी विचारले नाही. पुढे मी माझ्या भाचीचा हात तसाच धरला. आमच्या घराण्यात परंपरा म्हणून जे काही चालत आले त्यात हेही एक.

दोन वर्षांपूर्वी आमच्या गल्लीत अर्ज फिरला. शेजारच्या वकीलसाहेबांनी मजकूर लिहिला होता, आणि तो चांगला होता. ‘सभ्य वस्तीत वावरणे अशक्य झाले आहे’ वगैरे. ते म्हणाले, “बाई, पहिली सही तुमची हवी. शिक्षिकेच्या सहीला वजन असतं.” मी चष्मा लावला, मजकुरातली ऱ्हस्वदीर्घाची एक चूक दुरुस्त केली आणि सही केली. माझ्याखाली एकूण त्रेचाळीस सह्या झाल्या.

अर्जाला फळ आले. आठवडाभर संध्याकाळी गाडी येऊन उभी राहू लागली. बायका नाहीशा झाल्या. वकीलसाहेबांच्या ओसरीवर चहा झाला, आणि एकजुटीने काय होते पाहा, असे आम्ही एकमेकांना सांगितले.

त्यानंतर तीनेक आठवड्यांनी दुपारी दाराची कडी वाजली. दारात चाळिशीची एक बाई, खांद्याला कापडी पिशवी, हातात शाळेच्या हजेरीपटासारखी लांबट वही. “टीचरम्मा तुम्हीच ना?” तिचे बोलणे तेलुगू आणि आपली हैदराबादी उर्दू यांच्या मिश्रणातले, मी ते मराठीत देते. तिचे नाव मात्र देत नाही. ती एका संस्थेतर्फे स्टेशनाबाहेरच्या बायकांत एचआयव्हीच्या प्रतिबंधाचे आणि तपासणीचे काम करी. भांडायला आली असेल, असे मला वाटले. ती म्हणाली, “नक्को अम्मा, भांडण कशाला? बायका कुठं गेल्या, एवढंच विचारत फिरतेय. या गल्लीत कुणी काही पाहिलं असेल म्हणून आले.”

मी तिला आत घेतले. चहा दिला, तो कपबशीतून नव्हे, कामवालीसाठी ठेवलेल्या स्टीलच्या पेल्यातून. एचआयव्ही चहाच्या कपाने, हाताच्या स्पर्शाने, एका पाटावर बसल्याने होत नाही, हे मी स्वतः नववीच्या वर्गाला शिकवलेले होते. तो असुरक्षित शरीरसंबंधातून, दूषित रक्तातून वा सुईतून, आणि आईकडून बाळाला होतो, एवढे मला पाठ होते. पण हात फडताळाकडे गेला तो पेल्याकडेच. तिने पेला पाहिला, माझ्याकडे पाहिले आणि चहा पिऊन टाकला.

मग तिने वही उघडून दाखवली. पानावर नावे नव्हतीच, फक्त क्रमांक. “नाव लिहिलं की ते कुणाच्या तरी हाती पडतं,” ती म्हणाली. क्रमांकापुढे चौकटी: या महिन्यात भेट झाली का, निरोध दिले का, दवाखान्यात तपासणी झाली का, रक्त तपासून किती दिवस झाले. निम्म्याहून अधिक क्रमांकांपुढे शेवटच्या तीन आठवड्यांच्या चौकटी कोऱ्या होत्या. मी आयुष्यभर हजेरीपट पाहिले आहेत. कोऱ्या चौकटीचा अर्थ मला कुणी समजावून सांगायला नको होता.

हे काम कसे चालते ते मी त्या दुपारी प्रथम ऐकले. सरकारच्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाचा हा भाग. साधारण साठ बायकांमागे एक सखी-कार्यकर्ती, आणि ती त्यांच्यातलीच, म्हणजे त्याच व्यवसायातली किंवा त्यातून बाहेर पडलेली. कारण उपदेश करणारीला बायका पाठ दाखवतात. आपल्यातल्या बाईपाशी मात्र थांबतात. दर तीन महिन्यांनी गुप्तरोगांची तपासणी, सहा महिन्यांनी एचआयव्हीची. आधी समुपदेशन, मग संमती, मग बोटाला बारीक टोचून रक्ताचा थेंब. त्यात काही आढळले तर तेवढ्यावर निकाल देत नाहीत. सरकारी केंद्रात वेगवेगळ्या पद्धतीच्या आणखी चाचण्या होतात आणि तिन्ही जुळल्या तरच बाईला सांगतात, तेही एकटीला. लागण नुकतीच झालेली असेल तर काही आठवडे ती चाचणीत दिसत नाही; म्हणून निकाल चांगला आला तरी पुन्हा यावे लागते. ‘पुन्हा यावे लागते’ हा या सगळ्या कामाचा कणा. आणि पुन्हा येण्यासाठी बाई काल होती तेथे आज सापडावी लागते.

“कोठ्यावरच्या बाईला पत्ता असतो,” ती म्हणाली, “रस्त्यावरच्या बाईला फक्त वेळ असते. संध्याकाळी सात वाजता, अमक्या दिव्याखाली. तो दिवा विझला की ती हरवली.”

हैदराबादेत हे विशेष खरे. मुंबईला कामाठीपुरा आहे, कलकत्त्याला सोनागाछी, पुण्याला बुधवार पेठ. आपल्याकडची ‘महबूब की मेहंदी’ ही जुनी वस्ती आता उरलेली नाही, आणि धंदा रस्त्यावर आणि चार भिंतींच्या आड विखुरला. वस्ती उठवली की व्यवसाय उठतो असे आपल्याला वाटते. गोव्यात वास्कोजवळची बायणाची वस्ती २००४ साली बुलडोझर लावून पाडली. तेथेही भिंती पडल्या, बायका पांगल्या, आणि त्यांना शोधत फिरणारे लोक मागे राहिले.

जाताना ती सहज बोलल्यासारखे म्हणाली, “एक जण गोळ्यांवर होती. तिच्या गोळ्या संपल्या असतील.”

ते वाक्य तेव्हा मला नीट कळले नाही. रात्री भाच्याला फोन केला. तो डॉक्टर आहे. त्याने समजावले. आपल्या देशात सरकारी रुग्णालयांतून एचआयव्हीवरचे औषध १ एप्रिल २००४ पासून फुकट मिळू लागले. आता बहुतेकांना दिवसातून एकच गोळी पुरते. ती नेमाने घेतली तर रक्तातले विषाणू इतके कमी होतात की ते चाचणीत सापडत नाहीत, आणि अशा माणसाकडून शरीरसंबंधातून दुसऱ्याला लागण होत नाही. पण गोळ्या थांबल्या की विषाणू पुन्हा वाढतो, आणि औषधात वारंवार खंड पडला तर तो त्या औषधाला दाद देईनासा होऊ शकतो. म्हणजे जी बाई गोळी घेत होती तिच्यापासून कुणालाही धोका नव्हता. आम्ही तिला हाकलले, तेव्हा तो धोका उत्पन्न केला. अर्जात ‘सार्वजनिक आरोग्य’ असाही एक शब्द होता. मी त्याचीही ऱ्हस्वदीर्घे तपासली होती.

मला झोप लागली नाही. उठून वडिलांचे कपाट उघडले. त्यात तळाशी, वर्तमानपत्रात गुंडाळलेले, ‘समाजस्वास्थ्य’चे काही अंक होते. र. धों. कर्व्यांनी ते मासिक १९२७ साली काढले आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत चालवले. संततिनियमन आणि गुप्तरोग यांवर उघड लिहिले म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ साली त्यांचे वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतले होते. आमचे वडील पुरोगामी. अंक मागवीत आणि कपाटाच्या तळाशी ठेवीत. आम्हा जुन्या घरांचे पुरोगामित्व बरेचसे असेच. विकत घेतलेले, पण गुंडाळून ठेवलेले.

आणि अभिमानाचे म्हणाल तर तेही निवडून केलेले. माह लका बाई चंदा हिचे नाव आम्ही पाहुण्यांना मोठ्या कौतुकाने सांगतो. तवायफ असून दिवाण रचणारी, १८२४ साली वारलेली, मौला अलीच्या पायथ्याशी जिचा मकबरा आहे ती. दोनशे वर्षांपूर्वीची गणिका आमची संस्कृती होते. आजची मात्र आमची तक्रार.

त्याहून मोठा धक्का मला पुढच्या काही दिवसांत वाचताना बसला. भारतात एचआयव्ही प्रथम सापडला तो १९८६ साली मद्रासला. शोधणाऱ्या डॉक्टर सुनीती सॉलोमन या माहेरच्या गायतोंडे. चामड्याच्या व्यापारात असलेल्या, मद्रासला स्थायिक झालेल्या मराठी घरातल्या. म्हणजे आपल्यासारख्याच, मुलखाबाहेर रुजलेल्या. मद्रास मेडिकल कॉलेजात त्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्राध्यापिका होत्या. त्यांची विद्यार्थिनी निर्मला हिने देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्ताचे नमुने गोळा केले, घरच्या फ्रिजमध्ये ठेवले आणि बर्फाच्या डब्यातून रात्रीच्या गाडीने वेल्लोरला नेले. त्यांतले सहा नमुने बाधित निघाले. हा रोग आपल्याकडे नाहीच, असे तोवर देश म्हणत होता. सॉलोमनबाईंनी पुढे १९९३ साली वडिलांच्या नावाने, वाय. आर. गायतोंडे केंद्र म्हणून, एचआयव्हीच्या रुग्णांसाठी संस्था उभारली आणि २०१५ साली जाईपर्यंत हेच काम केले. गायतोंड्यांच्या घरात या विषयाला दार होते. आमच्या घरात कडी.

बायकांना धरून बळजबरीने तपासावे, बाधित असतील त्यांना कोंडावे, हा उपायही नवा नाही. इंग्रजांनी १८६८ साली तसा कायदा केला होता. सिकंदराबादेसारख्या छावण्यांत बायकांची नोंद करीत, तपासणी सक्तीने करीत, आणि आजारी निघालेल्या बाईला वेगळ्या इस्पितळात डांबीत. गोऱ्या सोल्जरांना ती सक्ती नव्हती. परिणामी बायका लपत, आणि रोग लपलेल्या जागी वाढे. १८८८ साली तो कायदा रद्द झाला. शंभर वर्षांनी, १९८९ साली, गोव्यात डॉमिनिक डिसोझा या तरुणाने रक्तदान केले, त्यात एचआयव्ही आढळला, आणि सरकारने त्याला चौसष्ट दिवस एकांतात कोंडून ठेवले. एवढे सारे पाहून कायद्याला शहाणपण आले. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने, जो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, संमतीवाचून चाचणी आणि संमतीवाचून निकाल फोडणे या दोन्ही गोष्टींना बंदी केली.

मग उपाय काय चालला? विश्वासाचा. कलकत्त्याला १९९२ साली डॉ. स्मरजित जाना यांनी सोनागाछीत तेथल्याच बायकांना कार्यकर्त्या केले. त्याच वर्षी आपल्या सांगलीत मीना सेषू यांनी ‘संग्राम’ ही संस्था काढली, आणि तीतून १९९६ साली बायकांची स्वतःची संघटना झाली. तिचे नाव ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’. जो शब्द आम्ही मुलांसमोर उच्चारीत नाही तो त्यांनी पाटीवर लावला. आकडेही बोलतात. देशात या व्यवसायातल्या स्त्रियांमध्ये एचआयव्हीचे प्रमाण २००३ च्या सुमारास शंभरात दहा होते. २०१७ मध्ये ते दोनांच्याही खाली आले. तरीही एकूण प्रौढांमधल्या प्रमाणाच्या ते कितीतरी पट आहे. म्हणजे काम झाले, पण वही मिटावी इतके झाले नाही.

एका संध्याकाळी मी त्या कार्यकर्तीबरोबर स्टेशनाबाहेर गेले. तिला वाटले मी गंमत पाहायला येतेय. तसे ती बोललीही. एव्हाना बायका थोड्या थोड्या परतू लागल्या होत्या. पण पूर्वी त्या बोलायला दोन मिनिटे थांबत, आता अर्धे. पिशवीतून निरोधांची पाकिटे दिली तर काही जणी घेत नव्हत्या. “पर्समध्ये सापडलं की तोच पुरावा म्हणतात,” एकीने सांगितले. वास्तविक १९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्देश दिलेला आहे की या स्त्रियांनी आरोग्यासाठी वापरलेली साधने, निरोध धरून, गुन्ह्याचा पुरावा मानू नयेत, आणि पोलिसांनी त्यांच्याशी सन्मानाने वागावे. कार्यकर्तीच्या पिशवीत त्या निर्देशाची प्रत घडी करून ठेवलेली होती. घडीवर ती फाटू लागली होती.

फुलवालीच्या टोपलीपाशी एक जण उभी होती. वय पस्तिशीचे असेल. मी कार्यकर्तीला काहीतरी विचारताना तोंडून मराठी शब्द गेला. तिने वळून पाहिले.

“माय, तुमी मराठी हाव व्हय?”

मी हो म्हटले. ती परभणीकडची. दुष्काळाच्या साली नवऱ्याबरोबर बांधकामावर आली, नवरा निघून गेला, पोर बहिणीकडे गावी. “कोणत्या गाडीनं आलीस?” मी उगाच विचारले. “ह्याच की. मनमाडच्या गाडीनं. हितंच उतरलो.” माझ्या आजोबांचे स्टेशन, माझ्या आजोबांची गाडी. आमच्या घरात तो प्रवास तीन पिढ्या सांगितला जातो. हिचा कुणी विचारलाच नसावा.

तपासणीची तिची मुदत उलटून गेली होती. सरकारी केंद्र नऊला उघडते. पण तेथे कागद तेलुगूत, बोलणे घाईचे, आणि तिला एकटीला भीती. “तुमी येता का? निस्तं बसा.”

मी गेले. बाकावर शेजारी बसले. समुपदेशन करणाऱ्या मुलीने सावकाश सांगितले, मी ते मराठीत केले. संमतीच्या कागदावर ती सही करू लागली तेव्हा मला कळले की तिला सही येते, वळणदारही येते. चौथीपर्यंत शिकली होती. तिने कागद माझ्यापुढे धरला. “बरोबर हाय का, बाई?” मी चष्मा लावून पाहिले. बरोबर होते. निकालासाठी आत बोलावले तेव्हा मी बाहेर थांबले, कारण तसा नियम आहे.

निकाल काय लागला हे वाचकांना जाणून घ्यावेसे वाटेल. मी तो लिहिणार नाही. तिने बाहेर येऊन मला सांगितला, आणि तो तिचा आहे. इतकेच सांगते की स्टेशनाच्या वाटेवर ती माझ्या घरी थांबली आणि आम्ही चहा घेतला. कपबशा आजीच्या वेळच्या आहेत, एकीचा कान तुटला आहे. ती माझ्याकडे आली.

गोळ्या संपलेली ती दुसरी बाई मात्र अजून सापडलेली नाही. कार्यकर्तीने शहरातल्या इतर ठिकाणच्या सख्यांना निरोप दिले आहेत. वहीत तिच्या क्रमांकापुढची चौकट कोरी आहे, आणि कार्यकर्ती दर महिन्याला नवे पान आखताना तो क्रमांक गाळत नाही.

आम्ही केलेला अर्ज परत घेता येत नाही, असे वकीलसाहेबांनी मला समजावून सांगितले. तेव्हा मी दुसरा लिहिला. बायकांशी निर्देशाप्रमाणे वागावे, आरोग्य-कार्यकर्तींना आपले काम करू द्यावे, एवढाच चार ओळींचा मजकूर. तो घेऊन मी त्याच त्रेचाळीस दारांवर गेले. काहींनी पाणी दिले, काहींनी दार अर्धेच उघडले. एका जुन्या विद्यार्थिनीने विचारले, “बाई, तुमच्या घराजवळ असं असलेलं तुम्हाला चालतं?” मी म्हटले, “माझ्या घराजवळ ते माझ्या जन्माआधीपासून आहे.” तिने सही केली नाही, पण दुसऱ्या दिवशी तिचा नवरा येऊन करून गेला. वकीलसाहेबांनी मजकूर वाचला, एक स्वल्पविराम घातला, आणि विचार करतो म्हणाले.

आजवर पाच सह्या झाल्या आहेत. पहिली माझी. कागद बैठकीच्या खोलीत, खिडकीजवळच्या मेजावर ठेवला आहे. पेन शेजारीच आहे. संध्याकाळची गाडी येते त्या सुमाराला मी घरीच असते.